वहिनींनी शिकवलेलं पाणी

त्या पाण्यात काय काय असायचं ते आधी सांगते. तेवढं सांगायला मला जड जात नाही. निरगुडीच्या दोन-तीन डहाळ्या, ओंजळभर कडुलिंब, थोडी तुळस, ठेचलेलं वेखंड, लिंबाच्या वाळलेल्या साली. पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, खाली उतरवायचं, मग त्यात कापराची एक वडी टाकून झाकण ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गाळलं की चहासारखं दिसणारं, कडसर वासाचं पाणी तयार. प्यायचं नाही, अंगाला लावायचं नाही. घरात शिंपडायचं, म्हणजे घरात शिरलेलं वाईटसाईट निघून जातं आणि नवं काही आत येत नाही.

हे मला वहिनींनी शिकवलं. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आमच्या सासरची माणसं बदलापूरची जुनी, शेती करणारी. शेतं कधीच गेली, तिथे बिल्डिंगा आल्या. थोरल्या दिरांनी मांजर्लीला नदीच्या अंगाला बैठं घर बांधलं, आम्ही पूर्वेला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला. वहिनी शिरगावच्या, इथल्याच मातीतल्या, बोलणंही इथलंच. मी डोंबिवलीहून आलेली, सायन्स ग्रॅज्युएट, अंबरनाथच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात सुपरवायझर.

वहिनींना मूल झालं नाही. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा मी पुन्हा कामावर जायला लागले. सकाळी हे तिला स्कूटरवरून मांजर्लीला सोडायचे, संध्याकाळी मी घेऊन यायचे. शाळा सुटल्यावरही ती तिकडेच जायची. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हाही ती वहिनींकडेच होती. मला दुसऱ्या दिवशी कळलं. थोडक्यात, माझी मुलगी वहिनींनी वाढवली. हे वाक्य लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली. आजवर मी लोकांना असं सांगत आले की जाऊबाईंची मदत व्हायची.

दर अवसेला वहिनी तांब्यात ते पाणी घ्यायच्या, निरगुडीची डहाळी बुडवून घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडायच्या, शेवटी उंबऱ्यावर. शिंपडताना बोलायच्या नाहीत. मी गंमत म्हणून बघायचे. एकदा मी विचारलं, "वहिनी, ह्याने नक्की काय होतं?"

"घर हलकं व्हतं."

"म्हणजे काय?"

"म्हंजे हलकं. तुज्या कंपनीत वजनकाटा हाय ना, आण नि मोज."

मग माझे दीर गेले. झोपेतच गेले. त्यानंतर वहिनी एकट्या राहायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे जरा जास्त जायला लागले. तेव्हाच मी ते पाणी करायला शिकले. खरं तर त्यांना बोलायला विषय असावा म्हणून शिकले. कोरोनाच्या दिवसांत कारखाना बंद पडला तो पुन्हा नीट उघडलाच नाही, आम्हाला हिशेब करून घरी पाठवलं. रिकामे हात आणि डोक्यात सतत भीती. सगळेच तेव्हा काही ना काही फवारत होते. मी वहिनींचं पाणी फवारायला लागले.

उल्हासनगरच्या बाजारात प्लास्टिकच्या बाटल्यांचं एक दुकान आहे. तिथल्या सिंधी काकांनी मला चार प्रकारचे पंप दाबून दाखवले. "दीदी, ये वाला ले जाओ. ये पानी नहीं मारता, धुआँ मारता है. सोफे पे मारो, परदे पे मारो, दाग नहीं पड़ेगा." मी अर्धा डझन घेतल्या.

वहिनींना पहिली भरलेली बाटली दाखवली तर त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "हा काय गो? ही तं सलूनवाल्याची बाटली. आता घराची हजामत करतंस काय?"

मी म्हटलं, "तांब्या-डहाळीपेक्षा बरं आहे. सगळीकडे सारखं पसरतं."

"पसरंल. पन हात थकला पायजे, तवा ते लागतं." एवढंच म्हणाल्या. मला ते तेव्हा जुन्या माणसांचं बोलणं वाटलं.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणी केली नसती, कारण दुसऱ्या कुणाला ती करता आली नसती. कापूर पाण्यात विरघळत नाही. वहिनींच्या पातेल्यात तो वर तरंगायचा, बराचसा उडून जायचा, वासापुरता उरायचा. मला वाटलं, वाया जातोय. मी मेडिकलमधून स्पिरिट आणलं, त्यात दहा-बारा वड्या विरघळवल्या आणि ते गाळलेल्या पाण्यात ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. एक दाब दिला की खोलीभर कापूर. डोळ्यांना जरा चुरचुरायचं. मला ते चुरचुरणं आवडायला लागलं. काम करतंय असं वाटायचं.

आमच्या कारखान्यात बामाची एक लाइन होती. तिथे बसणाऱ्या बायकांना मास्क असायचे, डोक्यावर हवा ओढून घेणारे मोठे पंखे असायचे. दम्याच्या किंवा छातीच्या पेशंटला या लाइनवर बसवू नये, असा कागद भिंतीवर लावलेला होता. तो कागद मी टाइप केला होता.

मुलीचं लग्न अंबरनाथला झालं. जावई चांगले, घर चांगलं. पण पहिलं राहिलं ते तिसऱ्या महिन्यात गेलं आणि दुसरं पाचव्यात. दुसऱ्या वेळी ती माझ्याकडे आली होती, आठवडाभर कुणाशीही बोलत नव्हती. फक्त वहिनींचा फोन घ्यायची. वहिनी काय सांगायच्या मला माहीत नाही. दार लावून बोलणं चालायचं आणि मी बाहेर चहा गरम करत राहायचे.

तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यापासून जपायला सांगितलं. चौथ्या महिन्यात मी तिला कात्रपला घेऊन आले. पडून राहायचं, पायऱ्या नाहीत, वजन नाही. त्याच पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. वहिनींच्या घरात पलंगापर्यंत चढलं. दुसऱ्या दिवशी हे जाऊन त्यांना घेऊन आले. दोन पिशव्या, देवाचा डबा आणि दिरांचा फोटो. फोटोच्या काचेच्या आत पाणी शिरलं होतं.

मुलगी पलंगावरूनच ओरडली, "काकी, तू माझ्याच खोलीत झोपायचंस."

पहिले आठ दिवस चांगले गेले असं मला म्हणता येईल. वहिनी खाली गादी टाकून झोपायच्या. दुपारी तिच्या पायांना तेल लावायच्या. दोघींचं हसणं ऐकू यायचं. एकदा मी आत गेले तर दोघी एकदम गप्प झाल्या. मी विचारलं काय झालं, तर मुलगी म्हणाली, "काही नाही गं, काकी तुझी नक्कल करत होती." मीही हसले. पण बाहेर आल्यावर मी दाराशी थांबले, पुन्हा हसू येतं का ऐकत.

त्याच सुमारास मुलीच्या सासूबाईंचा फोन आला. चौकशी झाली आणि त्यांनी सहज विचारलं, "घरात सध्या कोण कोण आहे?" मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. एवढंच. त्या बाई सरळ आहेत, त्यांच्या मनात काही होतं असं मला आजही वाटत नाही. पुढचं सगळं मी जोडलं. मूल नसलेली, नवरा गेलेली बाई, पोटुशीच्या पायाशी दिवसभर बसलेली. पहिली दोन गेली तेव्हाही तिला हीच जवळची होती. मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, दोष वाटून घेता आला असता. पण कुणी काही सांगितलं नाही.

मग एके सकाळी मुलीला थोडं लाल गेलं. रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी झाली, सगळं ठीक होतं, असं होतं कधी कधी म्हणाले. घरी आल्यावर मी वहिनींची गादी उचलली आणि हॉलच्या पुढच्या बाल्कनीत टाकली. बाल्कनी आम्ही सरकत्या काचा लावून बंद करून घेतलेली आहे. खोलीसारखीच आहे, पण अरुंद.

मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांनी सांगितलंय तिला पूर्ण आराम. खोलीत जास्त माणसं नकोत."

"बरं," त्या म्हणाल्या. "हितं वारा पन येल."

वारा येत नव्हता. पाऊस होता, काचा बंद होत्या.

त्या दिवसापासून मी वहिनींच्या मागून फवारायला लागले. वहिनी आंघोळीला गेल्या की त्यांच्या गादीवर, उशीवर, बसायच्या खुर्चीवर, टॉवेलवर. मग मुलीच्या खोलीच्या दारावर, आडवं, तीनदा. त्या दारातून आत डोकावून गेल्या की मागून पुन्हा. दिवसातून पाच-सहा वेळा तरी होत असेल. आणि मी हे त्यांचंच पाणी त्यांच्यावर वापरत होते. निरगुडी त्यांनीच तोडून आणलेली असायची. मांजर्लीचं घर बघायला जायच्या तेव्हा नदीच्या कडेने तोडून पिशवीतून आणायच्या आणि माझ्या ओट्यावर ठेवायच्या.

आमचे हे एकदा म्हणाले, "बाल्कनीत कापराचा फारच वास मारतोय."

मी म्हटलं, "दमट वास जातो त्याने."

त्यांनी पेपर उघडला. आमच्याकडे संभाषण एवढंच असतं.

पाच-सहा दिवसांत वहिनींना खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग धाप लागल्यासारखा. दुपारी जरा आडव्या झाल्या की उठून बसायच्या, भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून. मुलगी आतून हाक मारायची, "काकी, काय होतंय?" आणि या म्हणायच्या, "काय नाय बाय, पुराचं पानी छातीत बसलं."

आणि माझ्या मनात काय आलं, तेही लिहायला हवं. मला वाटलं, पाणी लागू पडतंय. जे आहे ते बाहेर निघतंय. बामाच्या लाइनवरचा तो कागद मला आठवला नाही असं मी ही तीन वर्षं स्वतःला सांगत होते. आठवला होता. मी तो बाजूला सारला.

एक दिवस वहिनी आंघोळीला गेल्या आणि कंगवा विसरला म्हणून लगेच परत आल्या. मी त्यांच्या गादीपाशी ओणवी, हातात बाटली, उशी ओली झालेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. डास झालेत, ढेकूण झालेत, काहीही चाललं असतं.

त्यांनी खिडकीतला कंगवा घेतला. म्हणाल्या, "कमी पडलं तं सांग. निरगुडी आणून देईन."

आवाज नेहमीचाच. टोमणा होता की खरंच म्हणाल्या, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. मी ठरवायचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना त्यांनी बाथरूमचं दार जरा जोरात लावलं. आत गेलेय, आता कर, असं सांगितल्यासारखं. आणि मी केलं.

त्या शनिवारी खोकला इतका वाढला की ह्यांनीच सांगितलं, डॉक्टरकडे ने. स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, वहिनींना आजी म्हणत होता. छाती तपासली, पाठ तपासली, बोटाला यंत्र लावलं. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "घरात काही मारता का? डासांचा स्प्रे, धूप, कापूर, नवा रंग वगैरे काही?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने वहिनींकडे बघितलं. "आजी, तुम्ही सांगा. कसला उग्र वास येतो का घरात?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या टेबलावरच्या कागदांकडे बघत होत्या. "नाय," म्हणाल्या.

डॉक्टरने पुराचा ओलावा, बुरशी असं काहीतरी लिहिलं आणि तोंडात मारायचा पंप दिला. मेडिकलमध्ये मी रांगेत उभी राहिले, वहिनी बाहेर पायरीवर बसल्या. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "मी उद्या घरी जाते."

"घर ओलं आहे वहिनी. भिंती अजून सुकल्या नाहीत."

"सुकतील. मी हाय ना."

मी आग्रह केला नाही. फक्त म्हटलं, "मुलगी रागवेल."

"तिला मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. घर उघडं टाकून चालत नाही, चोऱ्या होतात. मुलगी रडली. वहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, लांबूनच म्हणाल्या, "जप." दोन पिशव्या, डबा, फोटो. मी खाली रिक्षापर्यंत गेले. वर येऊन बाल्कनी पुसून काढली, काचा उघडल्या. एवढं मोकळं वाटलं की लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

मांजर्लीला गेल्यावर त्यांचा खोकला पंधरा दिवसांत उतरला. ओल्या भिंतींच्या घरात उतरला. पूर्ण गेला नाही, पंप कायमचा मागे लागला, पण बसून राहायच्या त्या झोपायला लागल्या. सगळे म्हणाले, आपल्या घराची हवाच मानवते माणसाला. मीही तसंच म्हटलं.

सातव्या महिन्यात मुलीची ओटी भरली. वहिनी आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या, तळणाला बसल्या. बायका बाहेर गाणी म्हणत होत्या. मुलीने दोनदा हाक मारली. दोन्ही वेळेला आतून उत्तर आलं, "तेल तापलंय गो."

मूल झालं. मुलगा, पूर्ण दिवसांचा, धडधाकट. बारशाला आमच्याकडे चाळीस-पन्नास माणसं होती. वहिनी उशिरा आल्या, दाराशीच बसल्या, चपलांच्या बाजूला. मुलगी बाळाला घेऊन स्वतः त्यांच्यापाशी गेली. "घे काकी. कधीची वाट बघतोय तुझी."

वहिनींनी हात पदराखाली घेतले. "नको गो. माझे हात गार हायेत."

"असू देत गार."

"नको बोलले ना."

सगळ्यांच्या देखत. मुलगी तशीच उभी राहिली, बाळ पुढे केलेलं. मग तिच्या नणंदेने ते घेतलं आणि कुणीतरी पेढे फिरवायला लागलं.

थोड्या वेळाने वहिनी पाणी प्यायला आत आल्या. मी ओट्याशी एकटीच होते. त्या पेला विसळत म्हणाल्या, "मी नाय घेतला त्याला. बघितलंस ना? आता मी गेल्यावर फवारू नको. पोराच्या नाकात जाईल."

पेला पालथा ठेवला आणि गेल्या. जेवल्या नाहीत.

इथपर्यंत जे झालं ते भीतीपोटी झालं असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावीन. त्यानंतरच्या अडीच वर्षांना मात्र भीतीचं कारण देता येत नाही. मूल झालं होतं, सुखरूप होतं. मी फक्त खरं बोलायला हवं होतं.

मुलीने आधी बरेच फोन केले. वहिनी थोडंच बोलायच्या, बाळ कसं आहे विचारायच्या, ठेवून द्यायच्या. आधी ती दिवसाआड करायची, मग आठवड्याने, मग सणाला. एकदा ती माझ्याकडे आली असताना बाळाला भरवत म्हणाली, "आई, एक बोलू? मला वाटतं काकीला बघवलं नाही. स्वतःला नाही झालं ना. म्हणून बारशाला तसं वागली."

हे माझे शब्द होते. मी कधी तोंडाने उच्चारले नव्हते, पण माझेच होते, आणि ते आता तिच्या तोंडात होते. बाळाच्या गालाला वरण लागलं होतं. मी ते पुसलं आणि म्हटलं, "असेल. माणसाचं काय सांगता येतं."

त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. फवाऱ्यापेक्षा, डॉक्टरपेक्षा. तिथे निदान मी घाबरलेली होते.

गेल्या महिन्यात मुलगी आली. जेवण झालं, मूल झोपलं. मी भांडी घासत होते, ती मागे उभी. म्हणाली, "आई, ते काकीचं पाणी तू करायचीस ना, स्प्रेचं? मला दोन बाटल्या करून दे."

"कशाला?"

"नणंद येते ना सारखी. तिचं ते कोर्टाचं चाललंय नवऱ्याबरोबर. येते, तासन् तास रडते, ह्याला मांडीवर घेऊन बसते. ती गेली की घर कसं जड जड वाटतं. ह्याला पण त्या रात्री झोप लागत नाही. तिला कळणार नाही असं मारेन मी, मागाहून."

मी नळ बंद केला. हात पुसले. आणि तिथेच, ओट्याला टेकून, सांगितलं. क्रम नव्हता त्याला. आधी स्पिरिटचं सांगितलं, मग उशीचं, मग बाल्कनीचं. ती मधेमधे "कोणाच्या?" "कधी?" असं विचारत होती. बारशाच्या दिवशी वहिनी ओट्यापाशी काय म्हणाल्या तेही सांगितलं. ती खाली बसली, फरशीवरच.

मग तिने एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरांनी समोर विचारलं, आणि तू नाही म्हणालीस?"

"हो."

"आणि काकी पण?"

"हो."

ती उठली, मुलाला झोपेतच उचललं, पिशवी भरली. मी म्हटलं, "ऊन उतरू दे." तिने ऐकलं नाही. दारात चपला घालताना म्हणाली, "मी तिला काय काय समजत होते आई. तू ऐकून घेत होतीस."

पुढच्या रविवारी ती मुलाला घेऊन मांजर्लीला गेली. मला फोनवर फक्त कळवलं. मी विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "तू नको येऊस."

संध्याकाळी ती परस्पर अंबरनाथला न जाता माझ्याकडे आली. मला वाटलं नव्हतं. मुलाच्या शर्टावर ओल्या मातीचे डाग होते. पाणी दिलं, प्यायली. मी विचारायच्या आधीच सांगायला लागली, माझ्याकडे न बघता.

वहिनींनी आधी मानलंच नाही. काय नाय गो, खोटंच सांगते तुजी आय, असं म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिना सांगितलं? सोताहून?" मुलीने हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मना वाटलं मी मेल्यावर सांगंल." आणि हसल्या, आणि हसता हसता खोकला आला, आणि पंप सापडेना. मुलीने तो फोटोच्या मागून काढून दिला.

"मी विचारलं तिला," मुलगी म्हणाली. "की तू डॉक्टरला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तेच मनाच नाय कळलं अजून. म्हणाली, तुझ्या आईने नाही म्हटलं, मग मी हो म्हटलं असतं तर त्या डॉक्टरसमोर तुझी आई कोण ठरली असती."

मी तिचा रिकामा पेला उचलला.

"आणि हा," तिने मुलाकडे बोट केलं. तो माझ्या पायाशी झाकणं एकमेकांवर ठेवत होता. "हा गेलाच नाही तिच्याकडे. तीन तास बसलो. तिने बिस्किट दिलं, मांजर दाखवली, झाडांना पाणी घालायला झारी दिली. झारी घेतली, पण ती जवळ आली की रडायचा. ओळखतच नाही ना तो तिला. ती म्हणाली, राहू दे, घाबरतंय पोर, मी लांब बसते. आणि बसली लांब. त्याच्याकडे बघत."

आमचे हे आतल्या खोलीतून ऐकत असावेत. टीव्हीचा आवाज बंद झाला होता.

मी म्हटलं, "मग आता?"

"मग काय. पुढच्या रविवारी परत जाणार. त्याच्या पुढच्या रविवारी पण."

"मी—"

"तिने तुला बोलावलं नाहीये आई. मी विचारलं होतं."

तिने मुलाला उचललं. त्याने जाताना माझ्याकडे हात पसरले, नेहमीसारखे, सवयीने, दोन्ही हात. मी त्याला घेतलं. त्याने मान माझ्या खांद्यावर टाकली. मुलगी समोर उभी राहून ते बघत होती, आणि मला त्याला पटकन परत द्यावंसं वाटलं.